डोळा लाल, दाब कमी

माझ्या डोळ्यांतला दाब तपासणीत कधीही २१ च्या वर गेलेला नाही, तरीही मला काचबिंदू, म्हणजे दृष्टीची नस हळूहळू खराब होण्याचा आजार, आहे. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी बहुतेक एकच प्रश्न विचारला: दाब नॉर्मल आहे, मग थेंब कशाला? सुरुवातीला मलाही तेच वाटलं होतं. उत्तर कळायला वेळ लागला, कारण ते एकट्या दाबात नाही. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातही ते आहे, आणि मी रोज रात्री जे थेंब घालते त्यांचा या दोन्हींशी संबंध येतो.

मी गेले होते चष्म्याचा नंबर बदलायला. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, आणि फोटो काढायला सांगितला. दृष्टीची नस डोळ्यातून जिथून बाहेर पडते तिथे फिकट गुलाबी रंगाची एक गोल चकती दिसते. माझ्या उजव्या डोळ्यातल्या चकतीच्या खालच्या काठावर रक्ताची एक बारीक रेघ होती. स्क्रीनवर फोटो मोठा केल्यावर मलाही ती दिसली. एका टोकाला निमुळती, काठ ओलांडून थोडी बाहेर आलेली. ना काही दुखलं होतं, ना दिसण्यात काही फरक जाणवला होता. डॉक्टर म्हणाले, "ही रेघ काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत विरून जाईल. पण ती दिसली हे बरं झालं. नसेला त्रास होतोय, हे ती सांगते."

मग तपासण्या. नसेच्या धाग्यांची जाडी मोजणारी ओसीटी, कडेकडेला लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायची फिल्ड टेस्ट, आणि भिंग डोळ्याला टेकवून, डोळ्यातलं द्रव जिथून बाहेर जातं तो आतला कोन उघडा आहे का ते पाहणं. माझा कोन उघडा होता. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी ५०५ मायक्रॉन भरली. सरासरी जाडी साधारण ५४० असते. पातळ कॉर्निया सहज दाबला जातो, त्यामुळे यंत्र दाब खरा आहे त्यापेक्षा थोडा कमी दाखवतं. म्हणजे माझा दाब यंत्रावर १८ दिसला, तरी तो तसाच्या तसा धरून चालणार नव्हतं.

दाब मोजताना आपल्याला फक्त एक निळा उजेड जवळ येताना दिसतो. त्याआधी डोळा बधिर करणारा आणि पिवळा रंग असलेला थेंब घालतात. समोर बसलेल्या डॉक्टरांना मात्र दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसत असतात. यंत्राची गोल चकती हळूहळू फिरवत ते त्या दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकेपर्यंत आणतात. टेकल्या की जो आकडा येतो तो दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. श्वास रोखला, कॉलर घट्ट असली किंवा डोळे आवळून धरले, तर तो आकडा वर सरकतो. हे कळल्यापासून मी तपासणीला मोकळ्या गळ्याचे कपडे घालून जाते आणि निळा उजेड जवळ आला की मुद्दाम संथ श्वास घेते.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं खरं जागेवर आणलं, ती सांगते.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखं स्वच्छ द्रव सतत तयार होत असतं. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक स्नायूंची आणि रक्तवाहिन्यांची गोल पट्टी असते, ती रक्तातून हे द्रव बनवते, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. झोपेत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. द्रव बाहुलीतून पुढे येतं, कोपऱ्यातल्या जाळीतून गाळून एका बारीक गोल नलिकेत उतरतं आणि तिथून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत मिसळतं. म्हणजे ते रक्तातून येतं आणि रक्तातच परत जातं. १९४२ मध्ये कार्ल ॲशर या नेत्रतज्ज्ञाने या शिरा शोधून काढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतल्या काहींमध्ये एकाच शिरेत स्वच्छ द्रवाचा पट्टा आणि रक्ताचा लाल पट्टा शेजारी शेजारी वाहताना दिसतो. डॉक्टरांनी मला त्याचा फोटो दाखवला. मी कितीतरी वेळ तो बघत बसले. डोळ्याचा दाब म्हणजे डोळ्यापुरतं बंदिस्त काहीतरी आहे, ही माझी समजूत त्या एका फोटोने मोडली.

त्या शिरांत स्वतःचाही दाब असतो, साधारण आठ ते दहा मिलिमीटर. जाळीवाटे जाणाऱ्या द्रवाला तो दाब ओलांडूनच पुढे जावं लागतं. म्हणून डोळ्याचा दाब वाटेल तितका खाली आणता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, हृदयाकडून येणारं ताजं रक्त डोळ्यात शिरतं तेव्हा त्याला डोळ्यातल्या दाबाविरुद्ध आत घुसावं लागतं. हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये आणखी हवा घालताना पंपाला किती जोर लावावा लागतो, तसंच. ट्यूब थोडी सैल केली की तोच जोर पुरतो. पंपच दुबळा असेल तर थोडी भरलेली ट्यूबही त्याला भारी पडते. ढोबळ हिशेबासाठी डॉक्टर बीपीच्या खालच्या आकड्यातून डोळ्याचा दाब वजा करतात. जे उरतं तेवढ्या बळावर नसेला रक्त मिळतं. लोकसंख्येच्या पातळीवर झालेल्या पाहण्यांत, हे उरलेलं बळ जितकं कमी तितकं काचबिंदूचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

"तुमचा १८ दुसऱ्याला चालेल," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या नसेला तो झेपत नाही." त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. माझ्यासारख्याच, दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूच्या रुग्णांचा तो होता. ज्यांचा दाब तीस टक्के कमी केला त्यांच्यापैकी १२ टक्के डोळ्यांत आजार पुढे सरकला, उपचार न केलेल्यांत ३५ टक्के. माझं लक्ष्य १३ च्या खाली ठरलं.

पहिला थेंब लॅटानोप्रॉस्ट, रात्री झोपताना एकदा. १९९६ पासून वापरात असलेलं हे औषध द्रव कमी बनवत नाही, ते बाहेर पडायची वाट मोकळी करतं. तीसुद्धा नेहमीची जाळीची वाट फारशी नाही. त्या गोल पट्टीतल्या स्नायूंच्या तंतूंमधल्या फटींतून झिरपायची दुसरी वाट. स्नायूच्या तंतूंभोवतीचं भरीव द्रव्य हे औषध हळूहळू विरळ करतं. म्हणून पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि एखाद्या रात्री थेंब चुकला तरी दाब लगेच उसळी मारत नाही.

दुसऱ्याच सकाळी डोळे लाल. आरशाजवळ जाऊन खालची पापणी ओढून पाहिली, तर एरवी कधी न दिसलेल्या बारीक वाहिन्या पांढऱ्यावर ठळक उमटल्या होत्या, बुबुळाकडे येत येत फाटे फुटलेल्या. खाज नव्हती, चिकटा नव्हता, उजेडाचा त्रास नव्हता. नुसता लाल. घरात ज्याने त्याने विचारलं, झोप झाली नाही का, रडलीस का. जवळच्या एकांनी तर ठामपणे सांगितलं, "ॲलर्जी आहे ही, बंद कर." ते किती काळजीने सांगत होते ते मला कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जड गेलं.

डॉक्टरांनी फोनवरच समजावलं. या जातीची औषधं पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात, वाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त दिसतं. ही सूज नाही आणि संसर्गही नाही. बहुतेकांचा लालपणा पहिल्या काही आठवड्यांत ओसरतो. याच जातीतलं बिमॅटोप्रॉस्ट किंवा ट्रॅव्होप्रॉस्ट घातलं असतं तर बहुधा याहून जास्त लाल झाला असता. "पांढऱ्या भागावरच्या वाहिन्या आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत," हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. "बाहेर लाल दिसतंय म्हणून आत वाईट चाललंय असं नाही, आणि बाहेर पांढरंशुभ्र आहे म्हणून आत बरं चाललंय असंही नाही." कधी घाबरायचं तेही सांगितलं: दुखलं, धूसर दिसायला लागलं, उजेड सहन होईना किंवा चिकटा आला तर त्याच दिवशी यायचं. आणि लाली घालवायचे जे थेंब सहज मिळतात ते मुळीच घालायचे नाहीत. ते वाहिन्या जबरदस्तीने आकुंचित करतात आणि परिणाम उतरला की लाली आणखी वाढते.

महिन्याभराने दाब १३ आला. लाली खरंच निम्म्याहून कमी झाली होती. पापण्यांचे केस मात्र लांब आणि दाट व्हायला लागले. हाही याच औषधाचा परिणाम. बुबुळाचा रंग काहींचा गडद होतो, माझं मुळातच काळपट तपकिरी, त्यामुळे फरक कळला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. दाब १३ वर स्थिर असताना पुढच्या एका तपासणीत उजव्याच डोळ्यात चकतीच्या काठावर पुन्हा रक्ताची रेघ निघाली. मी खचले. थेंब एकदाही चुकवला नव्हता. डॉक्टरांनी या वेळी डोळ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बीपीची गोळी घेता का? कधी? सकाळी उठल्यावर चक्कर? हातपाय गार पडतात? अर्धशिशी? घोरता का?

मी बीपीची गोळी रात्री जेवण झाल्यावर घेत होते. त्यांनी मला माझ्या फिजिशियनकडे पाठवलं आणि दंडाला पट्टा बांधून चोवीस तासांचं बीपी मोजलं गेलं. यंत्र रात्रीतही ठरावीक वेळाने फुगायचं, झोप अशी लागलीच नाही, तरी पहाटे कधीतरी खालचा आकडा ५२ नोंदला गेला. आडवं झालं की डोळ्यातला दाब उलट काही मिलिमीटरने वाढतो. दिवसा खुर्चीत बसून मोजलेला १३ पहाटे पलंगावर १६-१७ असू शकतो. हिशेब मी स्वतः मांडला. दिवसा ८० वजा १३ म्हणजे ६७. पहाटे ५२ वजा १७ म्हणजे ३५. माझ्या नसेला रात्रीच्या त्या वेळी दिवसाच्या जेमतेम निम्म्या बळावर रक्त मिळत होतं, आणि दवाखान्यातला आकडा मला सगळं उत्तम आहे असं सांगत होता.

फिजिशियननी गोळी सकाळी घ्यायला सांगितली आणि मात्राही थोडी बदलली. हा बदल दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून केला, हे मी मुद्दाम लिहिते आहे. बीपी वाढलेलं राहणं मेंदूला आणि हृदयाला घातक असतं; डोळ्यासाठी म्हणून आपल्या मनाने गोळी मागेपुढे करण्याची ही गोष्ट नाही.

त्याच काळात दुसरा थेंब जोडायचा ठरलं. टिमोलॉल जुनं आणि स्वस्त. ते १९७८ पासून आहे आणि द्रवाचं उत्पादन कमी करतं. पण ते रात्री फारसं काम करत नाही, कारण झोपेत उत्पादन आधीच उतरलेलं असतं. शिवाय अंगात शोषलं गेलं की नाडी मंदावते, बीपी उतरतं, आणि दमा असेल तर ते धोक्याचंच. माझी अडचणच मुळी रात्रीच्या बीपीची, म्हणून ते बाजूला ठेवलं. डॉक्टरांनी ब्रिमोनिडीन लिहून दिलं. २०११ च्या एका अभ्यासात दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूत टिमोलॉल आणि ब्रिमोनिडीनने दाब सारखाच उतरला, पण ब्रिमोनिडीन घेणाऱ्यांची नजर कमी प्रमाणात घटली. त्याच अभ्यासातून बरेच जण ॲलर्जीमुळे गळाले, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

ब्रिमोनिडीन पृष्ठभागावरच्या वाहिन्या आकुंचित करतं. थेंब घातल्यावर थोड्याच वेळात माझे डोळे इतके पांढरे दिसायचे, की आधी काळजी करणारे आता छान दिसतेस म्हणायला लागले. मला मात्र डॉक्टरांचं ते वहीतलं वाक्य आठवायचं. पांढरा रंग हा फक्त बाहेरच्या वाहिन्या आवळल्याचा होता. औषध उतरलं की संध्याकाळी लाली परतायची. दुपारी डोळ्यांवर झापड यायची, तोंड कोरडं पडायचं. काही महिन्यांनी खरी ॲलर्जी आली आणि तेव्हा मला दोन्हींमधला फरक कायमचा कळला. या वेळी पापण्यांच्या कडा सुजल्या, खाज सुटली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला बारीक बारीक उंचवटे आले. लॅटानोप्रॉस्टचा लालपणा नुसता रंगाचा होता. या लालपणात त्रास होता. औषध त्याच दिवशी बंद झालं.

त्याच्या जागी ब्रिन्झोलामाइड आलं. द्रव बनवणाऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम ते अडवतं, आणि रात्रीही काम करतं. माझ्यासाठी तेच महत्त्वाचं होतं. बाटली हलवून घ्यावी लागते, कारण औषध दुधाळ आणि गढूळ असतं. थेंबानंतर काही मिनिटं सगळं धुरकट दिसतं, आणि घशात कडवट चव उतरते. या कडवट चवीमुळेच मी थेंब घालायची पद्धत मनावर घेतली. डोळ्यातलं औषध आतल्या कोपऱ्यातल्या छिद्रातून नाकात जातं, तिथल्या वाहिन्या ते थेट रक्तात ओढून घेतात, मध्ये यकृताची गाळणी लागत नाही. आता मी मान मागे टाकते, खालची पापणी ओढून खोबण करते, एकच थेंब टाकते, डोळा हलकेच मिटते आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरते. मिचमिचायचं नाही. दोन थेंब एकदम टाकून उपयोग नसतो, डोळ्यात एकाहून जास्त मावतच नाही, बाकीचं गालावर. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं. या पद्धतीने कडवट चव जवळजवळ गेली, म्हणजे औषध जायला हवं तिथे जास्त राहायला लागलं.

नेटारसुडिल हाही पर्याय चर्चेत होता. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं हे औषध जाळी सैल करतं आणि वर सांगितलेल्या त्या बाहेरच्या शिरांचाही दाब उतरवतं. म्हणूनच मला त्याचं आकर्षण वाटलं होतं. पण त्याच्या चाचण्यांत निम्म्या रुग्णांचे डोळे लाल झाले, काहींच्या पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपकेही आले. सध्या गरज नाही म्हणून ते राखून ठेवलं आहे.

लॅटानोप्रॉस्ट आता बिनप्रिझर्व्हेटिव्हचं घेते. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हेही डोळा कोरडा आणि लाल करतं, आणि वर्षानुवर्षं रोज घालायचं तर त्याचा हिशेब धरावाच लागतो. ते बदलल्यावर उरलेली लाली आणखी उतरली. दाब १२ च्या आसपास आहे, चोवीस तासांच्या दुसऱ्या मोजणीत पहाटेचा खालचा आकडा ६० च्या खाली गेला नाही. फिल्ड टेस्टमध्ये उजव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला नाकाकडे एक फिकट डाग आहे. गेलेलं ते परत येत नाही, पण तो डाग मोठा झालेला नाही, आणि काठावर नवी रेघ दिसलेली नाही.

पुढच्या भेटीसाठी प्रश्न लिहून ठेवला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सुरुवातीलाच जाळीवर लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के जणांना तीन वर्षांनी थेंबांची गरज नव्हती. त्यांतले बरेच सौम्य आजाराचे किंवा नुसत्या वाढलेल्या दाबाचे होते, माझ्यासारखे नाहीत. पण लेझरचा परिणाम दिवसरात्र टिकतो का आणि माझा १२ त्याने पहाटेही १२ च्या जवळ राहील का, हे मला डॉक्टरांकडून समजून घ्यायचं आहे. चोवीस तासांच्या बीपीचे दोन्ही कागद माझ्या फाइलमध्ये वरच लावून ठेवले आहेत.